वृक्षतोडीची परवानगी : हुजुरापासून प्राधिकरणापर्यंत

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात, आरमारासाठी सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्याफणसांस हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच न्यावे, अशी ताकीद आढळते. तोच विवेक नागरी भागांसाठी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात दिसतो : परवानगीवाचून तोड निषिद्ध ठरली, वृक्षगणनेचे दायित्व वृक्ष प्राधिकरणांवर आले. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांस प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. तथापि शतायुषी वटवृक्षाची छाया शंभर रोपे तत्काळ देऊ शकत नाहीत, म्हणून प्राधिकरणाने प्रथम वृक्ष राखण्याचाच मार्ग शोधला पाहिजे.