जमिनीवर काढलेलं ग्रहण

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हात घालण्याआधी आयटीआयच्या ड्रॉइंगच्या तासाला मुलं एक रचना शिकतात : दिलेल्या तीन बिंदूंतून जाणारा कंस काढणं. कंपासचे कंस एकमेकांना छेदले की मध्ये माशासारखा आकार उमटतो. जुने ज्योतिषी त्याला ‘मत्स्य’च म्हणत, आणि याच मत्स्यांच्या आधारे पुढे होणारं ग्रहण आधीच रेखाटत.

त्या आकृतीचं नाव परिलेख किंवा छेद्यक. ‘सूर्यसिद्धांत’ या जुन्या ज्योतिषग्रंथात तिची रीत पायरीपायरीने दिली आहे. सपाट केलेल्या जमिनीवर एक बिंदू घ्यायचा, त्याभोवती ४९ अंगुळं त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. आत दुसरं, दोन्ही बिंबांच्या अर्धव्यासांच्या बेरजेइतकं. त्याहून आत तिसरं, ग्रासल्या जाणाऱ्या बिंबाचं. मग दिशा आखायच्या, वलन (दिशेचा कल) आणि शर (चंद्राचं क्रांतिवृत्तापासूनचं अंतर) मोजून स्पर्श, मध्य, मोक्ष (सुटका) असे तीन बिंदू ठरवायचे आणि मत्स्यांनी त्यांतून वाट काढायची. त्या वाटेवर ग्रासणारं बिंब सरकवत नेलं, की कोणत्या क्षणी किती ग्रास आणि कोणत्या बाजूने, हे डोळ्यांपुढे येतं. चंद्राला स्पर्श पूर्वेकडून, सूर्याला पश्चिमेकडून. रंगसुद्धा सांगितले आहेत : चंद्राचा अर्ध्याहून कमी ग्रास धुरकट, खग्रास पिंगट.

या विद्येचं मोठेपण इथेच आहे. आकृती खोटी ठरली तर गावासमोर ठरणार!

म्हणूनच कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ वेध घेऊन आकडे सुधारत. त्यांचे पुत्र गणेश यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचलं. सूर्याचं गणित त्यांनी सौरपक्षाचं, म्हणजे सूर्यसिद्धांताच्या परंपरेचं घेतलं, चंद्राचंही तिथलंच, पण ९ कला वजा करून; गुरूचं मात्र आर्यपक्षाचं, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेचं. ज्या पक्षाचं आकाशाशी जुळलं, ते उचललं. त्यांनी ‘ज्या’च्या (साइनच्या) कोष्टकांची कटकट काढून टाकली, ४०१६ दिवसांची चक्रं धरली आणि महाराष्ट्राची पंचांगं शतकानुशतकं त्यावर चालली.

१८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्र्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आली, पाश्चात्त्य वेधांवर उभी. पुढे २२ जानेवारी १८९८ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून विदर्भाकडे गेली. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच, चाळीस फुटी कॅमेरा रोखून. खग्रास टिकणार होता सुमारे दोन मिनिटं. तेवढ्यात ग्रहणाने स्वतःचा परिलेख काचेच्या प्लेटवर उमटवून ठेवला.