गोराईचा झाकलेला डोंगर
बोरिवलीजवळ गोराई खाडीच्या काठी मुंबई महापालिका १९७२ पासून कचरा टाकत होती. सुमारे २० हेक्टरांवरचा ढीग सरासरी २६ मीटर चढला; त्यातले काळे पाणी खाडीत झिरपे. न्यायालयीन आदेशांनंतर २००७च्या अखेरीस हे डम्पिंग ग्राउंड बंद झाले. खरे काम तिथून पुढचे. उतार बसवून ढिगावर माती आणि प्लास्टिकचे अभेद्य आवरण घातले. पण हवेविना कुजणारा कचरा वर्षानुवर्षे मिथेन सोडतच राहतो, म्हणून विहिरी घेऊन, नळ्यांतून तो वायू ओढून जाळण्याची सोय झाली. जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड उरतो. मात्र उष्णता अडवण्यात तो मिथेनपुढे फारच दुबळा. हवामानबदलाविषयीच्या क्योटो करारानुसार याच फरकाचे कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन घटवल्याचे विकता येणारे प्रमाणपत्र, मिळणार होते आणि आशियाई विकास बँकेने त्यापोटी आगाऊ पैसेही दिले.