छाती, उंची आणि जात

सैन्यभरतीची तयारी म्हटली की डोळ्यांपुढे येतात ती पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणारी खेड्यांतली पोरे. उंची निसर्गाची, पण दम, छाती, पायांतली ताकद मेहनतीने कमावता येते. अट मोजपट्टीची असली म्हणजे तयारीला अर्थ असतो. आज आम्हांला बोलायचे आहे ते कोणत्याही तालमीत पुरी न होणाऱ्या अटीविषयी. १८९२ च्या सुमारास ती महारांच्या आड आली आणि त्यांची भरती बंद झाली.

मुंबईच्या पलटणींत महार शिपाई नवखा नव्हता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी कंपनी सरकारच्या बाजूने लढताना पडलेल्यांच्या स्तंभावर 'नाक'ने संपणारी पुष्कळ नावे आहेत, ती महारांची. मग हाच माणूस पुढे नालायक कसा ठरला? अंग तपासून खासच नव्हे! १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. उत्तरेकडचे लोक जात्याच लढवय्ये आणि दक्षिणेकडचे दीर्घ शांततेने मऊ पडलेले, असे त्यांचे मत. वायव्य सरहद्दीवर रशियाची धास्ती होतीच. मत साहेबाचे, पण नियम झाला तो साऱ्यांना.

यात पगार आणि पेन्शन गेले हे उघड आहे. त्याहून मोठी गोष्ट गेली ती शाळा. गावच्या शाळेत अस्पृश्याच्या मुलाला ओसरीवरही जागा मिळणे कठीण, त्या काळात पलटणीत शिपायांच्या मुलांना शिकवले जाई. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्म तिथला, १८९१ चा. भरतीचा दरवाजा लागला तो त्यानंतर वर्षभराने.

गंमत अशी की, दरवाजा ठोठावला तो पलटणीने शिकवलेल्यांनीच. गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनर. त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली अर्ज तयार केला. महार हे मूळचे क्षत्रिय, असा त्यांचा दावा. कुणी याला हसेल. आम्ही हसत नाही. सरकारने प्रश्नच कुळाचा विचारला होता, तेव्हा उत्तरही कुळाचेच द्यावे लागले. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. त्यातला सूर निराळा आहे: आम्हीही इतरांसारखेच बादशहाचे प्रजाजन, आम्ही कुणाहून कमी नाही. सोळा वर्षांत अर्जदार ताठ उभा राहिला होता.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. दारावरच्या अटी कुणासाठी लिहिल्या जातात हे ओळखायची आम्हांला सवय आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार बरा, पण अस्पृश्याला तिथे मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने इतरांना विटाळ होतो! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. हे पाप एकट्या मालकांच्या माथी मारता येत नाही. साच्यावरचा विणकरही त्यात सामील होता.

पलटणीचा दरवाजा उघडला तो न्यायबुद्धीने नव्हे, महायुद्धाला माणसे कमी पडली म्हणून. १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध सरले आणि १९२१ साली ती मोडली. चार वर्षांपूर्वी लायक असलेली जात पुन्हा नालायक! दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले, तिथे त्यांनी हा आग्रह धरला, आणि त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

हिशेब सोपा आहे. १८९२ साली जन्मलेल्या महार मुलाला शिपाई व्हायला मधली चार वर्षे काय ती मिळाली. ती हुकली असतील, तर बेळगावला भरती सुरू झाली तेव्हा तो ४९ वर्षांचा होता.