पाथरीचें कुळकर्ण



लढायांचीं कारणें शोधूं गेलें म्हणजे बहुधा तींच तीं सांपडतात : सरहद्द, खजिना, वारसा, आणि कधीं कधीं धर्म. पण सोळाव्या शतकांत दख्खनच्या दोन सुलतानांमध्यें जो तंटा दहा वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिला, त्याच्या मुळाशीं एका गांवचें कुळकर्ण होतें, असें सांगितलें तर आपणांस ती कोणा कुळकर्ण्याचीच बढाई वाटेल. तसें नाहीं. ही हकीकत सांगणारा फेरिश्ता हा इराणांतून आलेल्या घराण्यांतला इतिहासकार. त्याचें लहानपण अहमदनगरच्या दरबारांत गेलें, १५८९ मध्यें तो विजापुरास गेला, आणि तेथें त्यानें आपला ग्रंथ लिहिला. आपल्या गांवकीच्या मानपानांत त्याला कांहीं गम्य असण्याचें कारण नव्हतें.

तें गांव म्हणजे पाथरी. आज तें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. गोदावरी त्याच्या दक्षिणेस थोड्या अंतरावरून वाहते. संस्कृत ग्रंथांत त्याला पार्थपूर म्हटलेलें आढळतें. पार्थ म्हणजे अर्जुन, तेव्हां अर्जुन येथें आला असला पाहिजे, ही कथा ओघानेंच आली. पांडवांचा मुक्काम झाला नाहीं असें गांव आपल्या देशांत शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. म्हणून तें प्रकरण येथेंच सोडूं.

कुळकर्ण म्हणजे काय, हें मात्र थोडें सांगितलें पाहिजे, कारण शहरांत वाढलेल्या माणसाला कुळकर्णी हें केवळ आडनांव म्हणून माहीत असतें. पाटील हा गांवचा धनी, तर कुळकर्णी ही गांवची स्मरणशक्ति. कोणतें शेत कोणाचें, सारा कोणी किती भरला, बाकी कोणाकडे राहिली, पडीत कोणतें, बांध कोणी कोरला, हें सर्व त्याच्या रुमालांत बांधलेलें असे. त्याच्यावांचून सरकारला गांव दिसत नसे आणि गांवाला सरकारचा हुकूम वाचतां येत नसे. राजे बदलले, सुभेदार बदलले, तरी कुळकर्णी सहसा बदलत नसे. या कामाबद्दल त्याला दरमहा पगार नव्हता. त्याचें वतन असे. म्हणजे कांहीं जमीन, पिकाच्या वेळीं कुणब्याकडून ठरलेलें धान्य, आणि मान. होळीला पोळी आधीं कोणाची, पोळ्याला बैल पुढें कोणाचे, लग्नांत विडा पहिला कोणाला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. ते आपणांस पोरकट वाटतात. पण ज्या गांवांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, जोशी, मुलाणा या सर्वांचें ठिकाण खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्यानें ठरत असे, तेथें बलुतें ही नुसती मजुरी नव्हती. तें घेणारा माणूस 'मी या गांवचा' हें दरसाल चारचौघांत शाबीत करून घेत असे. हीच व्यवस्था कांहींना वेशीच्या आंत मान देई आणि कांहींना जन्मभर वेशीबाहेर ठेवी, हेंहि तितकेंच खरें आहे.

वतनाचा एक विशेष पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवला पाहिजे. वतनदार गांव सोडून गेला, तरी त्याचें वतन मरत नसे. दुष्काळानें किंवा धामधुमीनें परागंदा झालेलें घराणें दोन पिढ्यांनीं परत आलें, तरी गोतसभा बसे, काजी येई, देशमुख-देशपांडे येत, म्हाताऱ्यांच्या साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि पाटील त्यावर आपली नांगराची निशाणी करी. दावा खरा ठरला, तर वतन मूळ घराण्याकडे जाई. मधल्या काळांत दुसऱ्यानें काम चालविलें, एवढ्यानें तो धनी ठरत नसे.

असें एक कुळकर्ण्यांचें घराणें पाथरी सोडून विजयनगरच्या राज्यांत जाऊन राहिलें होतें. त्यांतील भैरव नांवाच्या ब्राह्मणाचा मुलगा तिमाभट हा अहमदशाह बहमनीच्या कारकीर्दींत, म्हणजे १४२२ ते १४३६ च्या दरम्यान, बहमनी फौजेच्या हातीं सांपडला. तो मुसलमान झाला व त्याचें नांव मलिक हसन पडलें. मुलगा तल्लख होता, म्हणून त्याला शाहजाद्याचा सोबती नेमलें. त्याच्याबरोबर तो फारसी व आरबी शिकला. बापाच्या नांवावरून त्याला हसन भैरव म्हणत. पण शाहजाद्याच्या जिभेला तो उच्चार पेलेना, आणि 'भैरव'चें 'बहरी' झालें, असें फेरिश्ता सांगतो. बहरी म्हणजे ससाणा. मलिक हसनकडे शिकारी पक्ष्यांचा कारखाना होता म्हणून हें नांव पडलें, अशी दुसरी उपपत्ति आहे. ती अधिक सरळ आहे, पण मला पहिली अधिक आवडते. तें कसेंहि असो, पुढें निजामशाही सुलतान 'बहरी' हें पद आपल्या नांवापुढें लावीत राहिले. फेरिश्त्याचें खरें असेल, तर ऐकणारांना त्यांत ससाणा दिसला, आणि पाथरीचा भैरवभट त्याच्या पंखांखालीं झांकून गेला.

मलिक हसन वाढत वाढत निजाम-उल्-मुल्क झाला. १४८१ मध्यें महमूद गवानाचा जो अन्यायानें वध झाला, त्यांतील कारस्थानांत त्याचा हात होता. आणि १४८६ मध्यें बेदरास त्याचाहि खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद यानें १४९० मध्यें स्वतंत्र होऊन निजामशाही स्थापिली आणि १४९४ मध्यें अहमदनगर वसविण्यास आरंभ केला. त्याच सुमारास वऱ्हाडांत फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क यानें एलिचपुरास, म्हणजे हल्लींच्या अचलपुरास, आपली गादी मांडली. हा फतहुल्लाहि विजयनगरकडील हिंदु घराण्यांतला, लहानपणीं कैद होऊन आलेला मुलगा. जुने लेखक त्याला कानडी ब्राह्मण म्हणतात. बहमनी राज्याच्या वांटणींत पाथरी वऱ्हाडच्या वांट्यास गेली. निजामशाहाच्या पूर्वजांचें वतन इमादशाहाच्या मुलखांत राहिलें.

अहमदचा मुलगा बुऱ्हाण हा वयाच्या सातव्या वर्षीं, १५१० च्या सुमारास, गादीवर आला. कारभार मुकम्मलखान दख्खनी पाहत असे. पाथरीच्या कुळकर्णाचे हक्कदार जे ब्राह्मण, ते या सुलतानाचे रक्ताचे नातलग. त्यांचें वतन आपल्या राज्यांत असावें, म्हणून अहमदनगराहून एलिचपुरास अल्लाउद्दीन इमादशाहाकडे मागणी गेली : पाथरी आम्हांस द्यावी, तिच्या मोबदल्यांत अधिक उत्पन्नाचा मुलूख घ्यावा. व्यवहार तोट्याचा नव्हता. पण शेजाऱ्यानें वाजवीपेक्षां अधिक किंमत देऊं केली कीं विकणाराच्या मनांत संशय येतो. इमादशाहानें नकार दिला, आणि पाथरीला किल्ला बांधावयास घेतला. अहमदनगरकडून तक्रार झाली. ती त्यानें कानाआड केली, काम पुरें केलें आणि तो एलिचपुरास परतला.

पुढें १५१८ मध्यें निजामशाही फौज बाहेर पडली. बालेघाटची थंड हवा खावी, दौलताबाद आणि वेरुळचीं लेणीं पाहावीं, असें निमित्त सांगितलें गेलें. लेणीं पाहावयास निघालेली ही फौज एकाएकीं पाथरीवर येऊन आदळली, शिड्या लागल्या आणि किल्ला पडला. १५२७ मध्यें इमादशाहानें गोवळकोंड्याच्या कुत्बशाहाच्या मदतीनें पाथरी परत घेतली. लगेच बुऱ्हाणशाह बेदरच्या अमीर बरीदला घेऊन आला, त्यानें पुन्हा वेढा दिला, गांव घेतलें, आणि या खेपेस किल्लाच पाडून जमीनदोस्त केला. इमादशाहानें गुजराथच्या बहादुरशाहाला हांक मारली. तो मोठें सैन्य घेऊन दख्खनमध्यें उतरला, आणि बुऱ्हाणशाहाला त्याच्या नांवानें खुत्बा वाचण्याची नामुष्की पत्करावी लागली. पाथरी परत देण्याचेंहि त्यानें कबूल केलें. पण खुत्बा वाचला गेला आणि पाथरी परत गेली नाहीं. तो परगणा त्यानें आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिला, आणि अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे चालला.

बुऱ्हाणशाहाला यांत केवळ नातलगांचा कळवळा होता, असें मीं म्हणणार नाहीं. पाथरी सरहद्दीवर होती आणि गोदाकांठची जमीन काळी, कसदार आहे. मुकम्मलखानासारखा कारभारी हें विसरला नसेल. तथापि केवळ मुलूख हवा असता, तर जिंकल्यावर तो खालसा करून खजिन्याला जोडला असता. किल्ला पाडावा, आणि गांव कुळकर्ण्यांच्या हवालीं करावें, ही मुलूखगिरी नव्हे. नांव बदललें, धर्म बदलला, तीन पिढ्या उलटल्या, आजोबा कैदी म्हणून आले होते त्याच राज्याच्या तुकड्यावर नातू सुलतान झाला. आणि तरीहि गोतसभेपुढें परत आलेला वतनदार जें मागतो, तेंच त्यानें मागितलें. फरक इतकाच कीं, साक्षीदारांऐवजीं त्यानें तोफा आणल्या. त्या तोफांखालीं पाथरीच्या कोणा सुताराचें, कोणा कोष्ट्याचें घर गेलें असेल, त्याचा महजर कोणीं लिहिला नाहीं.

या धामधुमींत गांवांत दुसरें काय चाललें होतें, हें सुदैवानें कळूं शकतें. १५०३ मध्यें, म्हणजे पहिल्या वेढ्याच्या पंधरा वर्षें आधीं, पार्थपुरांत ज्ञानराज नांवाच्या ज्योतिष्यानें 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांनीं ११५० मध्यें 'सिद्धान्तशिरोमणि' रचला; त्यानंतर साडेतीन शतकांनीं त्या तोलाचा सिद्धान्तग्रंथ झाला, तो येथें. २०१४ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर अमेरिकेंत प्रसिद्ध झालें आहे. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याचा जन्म १५०७-०८ चा. १५१८ मध्यें पाथरीला शिड्या लागल्या तेव्हां तो दहा वर्षांचा होता. किल्ला पाडला तेव्हां विशीच्या आसपास. आणि १५३८ मध्यें, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, त्यानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका पुरी केली. तीन वर्षांनीं लीलावतीवर. शिवाय एक विलोमकाव्य रचलें, जें सरळ वाचलें कीं रामाची कथा होते आणि उलटें वाचलें कीं कृष्णाची. दोन्ही सैन्यांच्या येण्याजाण्यांत ज्याची उमेदीचीं वर्षें गेलीं, त्याला उलट-सुलट वाचनाची ही हौस सुचावी, याचें मला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १५७४ मध्यें निजामशाहीनें सगळी इमादशाहीच गिळली. १५९६ च्या तहानें चांदबिबीला वऱ्हाड मोंगलांस द्यावें लागलें. पुढच्याच वर्षीं पाथरीपासून कांहीं कोसांवर आष्टीजवळ, गोदाकांठीं, खानखानानाची दख्खनी फौजांशीं मोठी लढाई झाली. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यांत पाथरी हें एका सरकारचें ठाणें होतें. मग निजामाचें राज्य आलें, तें १९४८ मध्यें गेलें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. २०२० च्या जानेवारींत पाथरीचें नांव पुन्हा एकदां सर्वतोमुखीं झालें, तेंहि मूळ कोणाचें या प्रश्नावरून : साईबाबांचें जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाची घोषणा झाली आणि शिर्डीकरांनीं बंद पाळला. त्या वादांत शिरण्याचें मला प्रयोजन नाहीं.

जातां जातां पाथरीच्या शेजारच्या एका गांवाचा उल्लेख करतों. गोदावरीच्या उत्तर तीरावर गोलग्राम म्हणून गांव होतें. तेथें दिवाकर नांवाचा ज्योतिषी राहत असे. 'ग्रहलाघव'कार गणेश दैवज्ञाचा तो शिष्य. त्याचें घराणें पुढें काशीला जाऊन राहिलें, आणि त्याच्या मुलांनीं, नातवांनीं व पणतवंडांनीं तेथें ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. पणतू कमलाकर यानें १६५८ मध्यें काशींत 'सिद्धान्ततत्त्वविवेक' पुरा केला. त्याचें बहुतेक आयुष्य गंगेच्या कांठीं गेलें. ग्रंथाच्या शेवटीं आपलें कुळ सांगतांना तो आधीं देवगिरीचे अक्षांश देतो. तेथून पूर्वेकडे इतक्या योजनांवर पाथरी, आणि पाथरीपासून इतक्या योजनांवर, गोदेच्या उत्तर कांठीं, आमचें गोलग्राम, असा रस्ता मोजून लिहितो.