जाताना तोंडावर, येतानाही तोंडावर

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावर गेलो तेव्हा मी हातातल्या नकाशापेक्षा वाऱ्याकडेच जास्त बघत होतो. समुद्राकाठची रेताड जमीन, वारा अडवायला झाड नाही. पूर्वी ज्या होलांवरून जायचं, त्यांवरूनच उलट परतायचं. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलांचे दोन केले आणि फेरी २२ वरून १८ वर आली. आधी दूर जायचं, मग परतायचं; म्हणजे जाताना वारा पाठीशी, तर येताना तोंडावर, हिशेब सरळ. पण वारा मध्येच फिरला, की दोन्ही वेळा तोंडावरच! (हे दुःख खळ्यात उपणायला उभ्या राहिलेल्यालाच कळेल.)

अकरावा होल जेमतेम १७४ यार्डांचा. ग्रीनचा, म्हणजे होलाभोवतीच्या हिरवळीचा, उतार खेळाडूकडे, मागे ईडनची खाडी. वारा पाठीमागून आला तर चेंडू पलीकडे, समोरून आला तर आखूड पडून थेट स्ट्रॅथ बंकर या वाळूच्या खड्ड्यात. डावीकडे हिल बंकर. १९२१ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत एकोणीस वर्षांचा अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स त्यात असा रुतला, की त्याने फेरीच सोडून दिली. १९२७ मध्ये मात्र तो इथेच ओपन जिंकला.