कूस बदलणारे हात

धायरीहून नैर्ऋत्येस सिंहगड दिसतो. शहर ओलांडून उत्तरेस गेले की खडकी लागते. जखमी शिपायाचा जुना आणि नवा, दोन्ही हिशेब या टापूत वाचता येतात.

प्रतापगडच्या युद्धानंतर (१६५९) शिवाजी महाराजांनी जखम पाहून माणशी २५ ते २०० होन दिले, असे सभासद लिहितो. त्या जखमींच्या उशाशी रात्री कोण जागले, ते बखर सांगत नाही. बहुधा आईबापच.

पाठीच्या कण्याची जखम याहून निराळी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक सैनिक मरत ते शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला आणि माणसे जगू लागली. औषधाइतकेच हे हातांचे काम.

पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरी तंत्रसंस्था पुढे खडकीत आली. तेथेच १९७४ मध्ये पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांचे १९७२ चे हायडेलबर्गमधील सुवर्णपदक सर्वांना ठाऊक आहे. कूस बदलणाऱ्यांना मात्र पदक नसते.

हे काम आई इस्पितळातच शिकते: त्वचेवरची लाली ओळखणे, नळीची स्वच्छता, चाकाच्या खुर्चीत उचलून बसवणे. मुलगा विशीत जायबंदी होतो, तेव्हा ती पंचेचाळिशीची असते. तो पन्नाशीला पोहोचतो, तेव्हा ती पंचाहत्तरीची. निवासी केंद्राची गरज येथून सुरू होते.