आगगाडीचा पंप व मोटारीचा पंप

१८५२ सालीं भायखळ्याकडील रुळांवर ‘लॉर्ड फॉकलंड’ हें इंजिन फिरूं लागलें. मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांचें नांव त्यास दिलेलें होतें. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली, ही हकीकत तर शाळकरी मुलांसहि पाठ असते. इंजिनावरील पाण्याच्या पंपाची आठवण मात्र कोणी काढीत नाहीं.

बॉयलरांतील पाणी वाफ होऊन सारखें खपतें, आणि नवें पाणी आंत घालावयाचें तर तें आंतील दाबाहून अधिक जोरानें ढकलावें लागतें. त्या काळीं हें काम दट्ट्याचा पंप करी, आणि त्याचा दट्ट्या इंजिनाच्या चालत्या भागांसच जोडलेला असे. मेख होती ती येथेंच! गाडी थांबली कीं पंप थांबे. आग कांहीं थांबत नसे. स्टेशनांत फार खोळंबा झाला, तर केवळ पाणी भरून घेण्यासाठीं ड्रायव्हरास इंजिन मागेंपुढें फिरवावें लागे. पाणी अग्निपेटीच्या माथ्याखालीं उतरलें तर तेथील पत्रा तापून मऊ पडे, आणि मग बॉयलर फुटून माणसें दगावण्याचें भय. झडपेंत कचरा अडकणें किंवा दट्ट्याभोंवतालचें पॅकिंग झिजणें ही म्हणूनच किरकोळ बाब नव्हती. जी. आय. पी. रेल्वेचा पहिला कारखाना भायखळ्यास होता. तो १८७९ सालीं परळास गेला.

तोंवर जिफार नांवाच्या फ्रेंच अभियंत्यानें १८५८ सालीं ‘इंजेक्टर’ काढला होता. बॉयलरचीच वाफ घेऊन त्याच बॉयलरांत पाणी लोटणारें हें उपकरण प्रथम अनेकांस हातचलाखी वाटलें. त्यांत फिरता भाग नाहीं, आणि गाडी उभी असतांहि तें चालतें. दट्ट्याचा पंप मागें पडला तो यामुळें.

मोटारीबरोबर पंप पुन्हां आला, परंतु निराळ्या कामास. येथें पाणी खपत नाहीं. सिलिंडरांची उष्णता घेऊन रेडिएटरांत जातें व निवून परत येतें. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारींत, आरंभींच्या थोड्या गाड्या वगळतां, पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढे. मोठ्या इंजिनांस तें पुरेना. जुन्या पंपाच्या दांड्याभोंवतीं शिसपेन्सिलींतील ग्राफाइट माखलेली दोरी गुंडाळीत. नट सैल राहिला तर गळती, फार आवळला तर दांडा कुरतडे. कारागिराची परीक्षा एवढ्यांतच होई. पुढें सील आलें, आणि पंपाच्या अंगास एक लहानसें छिद्र ठेवण्यांत आलें. त्यांतून पाणी ठिबकूं लागलें म्हणजे सील गेलें असें समजावें. छिद्र बुजविणें हा निव्वळ आडमुठेपणा होय. बदलतांना गॅस्केट नवें घालावें लागतें, पट्टा बेताचाच ताणावा लागतो. नाहींतर नव्या पंपाचें बेअरिंगहि लवकर जातें.

कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींचे पंप अशाच रीतीनें बदलले जात. त्यांतील शेवटची टॅक्सी २००३ सालीं ताडदेवच्या कचेरींत नोंदली गेली, व वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निघाली.